तिसऱ्या बोटाला विझणारा दिवा

गाडीत बसल्यावर ते आधी चावी अर्धीच फिरवायचे. इंजिन चालू करायचे नाहीत. डावा हात स्टिअरिंगवर टेकवायचा, मूठ मिटलेली, आणि एकेक बोट उघडत मोजायचं, "एक... दोन... तीन." चावी फिरताच डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटलेले असत. त्यांची नजर मात्र एकाच पिवळ्या दिव्यावर, गोलात तीन इंग्रजी अक्षरं असतात त्या दिव्यावर. तिसरं बोट उघडलं आणि तो दिवा विझला, की ते म्हणायचे, "पेटला पाहिजे आणि विझला पाहिजे. दोन्ही." मग उतरायचे आणि हात पुसायचे, हात स्वच्छ असले तरी.

तुम्ही गाडी चालवत असाल तर हा दिवा तुम्हीही रोज बघता, फक्त लक्ष देत नाही. जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊन गाडी घसरू नये, यासाठी गाडीत एक व्यवस्था असते. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर बसलेला असतो, तो चाकाचा वेग कळवतो. बॉनेटखाली एक डबा असतो, तो चारही चाकांचं ऐकतो आणि कुठलं चाक अडकायला लागलं तर तिथला ब्रेक सोडतो, धरतो, सोडतो. चावी फिरवल्यावर हा डबा स्वतःची तपासणी करतो, तेवढा वेळ दिवा पेटतो. सगळं नीट असेल तर विझतो. पेटून राहिला तर बिघाड आहे. आणि पेटलाच नाही तर? "तर त्याहून वाईट," ते म्हणायचे. "म्हणजे कोणीतरी त्याचं तोंड दाबलंय."

त्यांना सगळे वायरमन म्हणत. हजेरीपटावर नाव होतं, पण त्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. मी वायरमनकाका म्हणायचो. कॉटन ग्रीनला गोदामांच्या ओळीत आमचं गॅरेज होतं. मालक जुन्या गाड्या विकत घ्यायचे, त्या दुरुस्त करून पुन्हा विकायचे. वायरमनकाका विजेचं सगळं काम बघायचे आणि मी तपासणीचा फॉर्म भरून खाली सही करायचो. आता मी दुसरीकडे आहे. पण मला जे काही काम येतं ते तिथे आलं.

मी बी.ई. झालो तो आमच्या तालुक्याच्या गावी निघालेल्या नव्या कॉलेजातून. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. वडिलांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र देवघरात ठेवलं होतं, ते मी मुंबईला येताना काढून आणलं. सहाव्या सत्रात या ब्रेकच्या व्यवस्थेवर आठ गुणांचा प्रश्न होता. मी आकृती पट्टीने काढली होती, आठपैकी सात मिळाले होते. पण खरा सेन्सर मी पहिल्यांदा बघितला तो वायरमनकाकांच्या तळहातावर. सुपारीएवढा, चिखलाने माखलेला.

"हा तो?" मी विचारलं.

"हाच. तुझ्या पुस्तकात केवढा होता?"

"पानभर."

ते इतके हसले की बाजूच्या गाडीखालून मेकॅनिकने डोकं बाहेर काढलं. त्या दिवसापासून मी "बीई" झालो. "ए बीई, बॅटरी धर." "ए बीई, चहा सांग." त्यात कुचेष्टा नव्हती. बाहेरचं कोणी आलं की तेच म्हणायचे, "आमच्याकडे बीई झालेला मुलगा आहे," आणि मला पुढे ढकलायचे.

मालकांनी गाडीला जोडायचं एक स्कॅनर मशीन घेतलं होतं. ते चालवणं माझ्याकडे. पडद्यावर बिघाड लिहून यायचा. मला वाटायचं, आता अवघड काय राहिलं? एकदा एक निळी गाडी आली. तिचा पिवळा दिवा मध्येच पेटायचा, मध्येच विझायचा. मशीनने सांगितलं, पुढचं डावं चाक, सेन्सर. मी सेन्सर बदलायला लावला. गाडी दुसऱ्या दिवशी परत. पुन्हा तेच आलं, पुन्हा बदलायला लावला. गाडी पुन्हा परत. तिसऱ्या वेळी वायरमनकाका गाडीवाल्याशेजारी जाऊन बसले आणि मशीनने न विचारलेलं विचारलं.

"दिवा लागतो कुठे?"

"कुठे म्हणजे? लालबागला पुलाखालून वळताना. घरी येतो तेव्हा."

"डावीकडे वळताना की उजवीकडे?"

"उजवीकडे."

"पूर्ण स्टिअरिंग मारता?"

"मारावंच लागतं, तिथे टॅक्स्या उभ्या असतात."

काकांनी गाडी जॅकवर घेतली. मला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः चाकामागे हात घालून वायर बोटांत धरली. "पूर्ण उजवीकडे घे... आता सोड... आता परत." वायरीला जोडलेल्या मीटरवरचा आकडा उडाला. वायर जिथे वाकत होती तिथे त्यांनी ब्लेडने नखाएवढी साल सोलली. वरून साल अखंड होती, आतली तार तुटलेली होती. गाडी सरळ चालली की दोन टोकं एकमेकांना टेकायची, वळली की सुटायची.

"मशीन गल्ली सांगतं," ते म्हणाले. "घर आपण शोधायचं."

सांगायच्या त्यांच्या पद्धती अशाच होत्या. दुसऱ्या एका गाडीचं मागचं बेअरिंग नवीन बसवल्यापासून दिवा जात नव्हता. मी सेन्सर, वायर, जोड, सगळं तीनदा मोजलं. त्यांनी कॉलरला लावलेली टाचणी काढली. ही टाचणी कायम कॉलरला असे, दात कोरायला असावी असा माझा समज होता. ती त्यांनी बेअरिंगच्या सेन्सरकडच्या बाजूला टेकवली. पडली. मग पलीकडच्या बाजूला टेकवली. चिकटली.

"उलटं बसवलंय. याच्या एका बाजूला चुंबक असतं, ते सेन्सरकडे पाहिजे, तर त्याने पाठ केलीय. दिसायला दोन्ही बाजू सारख्या, म्हणून फसतात. किती तास घालवलेस?"

"चार."

"जा, चहा सांग. टाचणीला पण सांग."

आणि उंदीर! गोदामांतले उंदीर उभ्या गाड्यांत शिरून वायरी खायचे. मी मशीन जोडून कपाळाला आठ्या घालून बसलेला असायचो, ते नुसतं बॉनेट उघडून हुंगायचे. "उंदीर. तुझ्या आकृतीत उंदीर कुठल्या चौकोनात होता रे?"

आता त्यांच्या घराबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

त्यांचे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागले होते. लालबागच्या चाळीत एक खोली होती. ती चाळ टॉवरसाठी पाडली. तोवर बिल्डरकडून दुसरीकडे राहायचं भाडं मिळेल, चार वर्षांत घर मिळेल असं ठरलं होतं. पुढे भाडं बंद झालं आणि टॉवर नवव्या मजल्यावर थांबला. तेव्हा मालकांनी त्यांना गॅरेजवरचा पोटमाळा राहायला दिला. काका आणि काकी, दोघंच. मूलबाळ नव्हतं. मालकांनी हे चांगुलपणानेच केलं असेल. मी त्यावर शंका घेणार नाही. पण त्या दिवसापासून काकांची नोकरी आणि छप्पर एकाच खिळ्याला टांगलं गेलं.

पोटमाळ्यावर ताठ उभं राहता येत नसे. काका खाली गाड्यांमध्ये वाकलेले आणि वर घरातही वाकलेले. वर जायला लोखंडी शिडी. काकींचे गुडघे गेल्यापासून त्या गणपतीला आणि डॉक्टरकडे जायला, एवढ्यालाच खाली उतरत. शटर संध्याकाळी आठला बाहेरून कुलूप लावून बंद व्हायचं आणि सकाळी साडेआठला उघडायचं. चावी मालकांच्या माणसाकडे. "आत एवढ्या गाड्या असतात," मालक म्हणत, "वायरमन आहेत म्हणून मी निवांत झोपतो." ही स्तुती होती, आणि काका ती मान खाली घालून ऐकत. वरच्या जाळीच्या खिडकीतून लालबागचा तो नऊ मजली सांगाडा दिसायचा. खोलीचा करारनामा काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडकीशेजारी खिळ्याला लावला होता, जणू दोघांची नजरभेट राहावी.

मी एकदा विचारलं, "काका, एवढं काम येतं तुम्हाला. कुठल्याही मोठ्या वर्कशॉपमध्ये घेतील."

"सर्टिफिकेट मागतात. माझी शाळा आठवीपर्यंत. आणि घेतलं तरी राहू कुठे? तुझ्या खोलीत?"

काळाचौकीला मामाच्या खोलीत आम्ही पाच जण झोपत होतो. तसं पाहिलं तर मीही मोकळा नव्हतो. नोकरी देताना मालकांनी माझी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली होती. केबिनमधल्या लोखंडी कपाटात. "सुरक्षित राहतात," असं म्हणाले होते.

मालक आवाज चढवत नसत. काही हवं असलं की चौकशी करत. माझ्यासमोर पहिल्यांदा घडलं ते असं. एका गाडीचा पिवळा दिवा जात नव्हता. दोन सेन्सर गेलेले होते.

"वायरमन, हा दिवा गिऱ्हाईकांना उगाच घाबरवतो. जरा झोपवा त्याला."

"सेन्सर मागवतो ना, मालक. दोन दिवस द्या."

"दोन दिवस कुठले." मालकांनी वर पोटमाळ्याकडे पाहिलं. "वहिनींचे गुडघे कसे आहेत? वर उकडत नाही ना फार?"

"नाही, मालक."

"काही लागलं तर सांगत जा."

त्यात वावगं असं एकही वाक्य नव्हतं. संध्याकाळपर्यंत दिवा झोपलेला होता.

ते कसं करतात, तेवढं सांगतो. पिवळ्या दिव्याची वायर त्याच्या डब्यापासून तोडायची आणि डॅशबोर्डवरच्याच इंजिन-तेलाच्या दिव्याला जोडून द्यायची. तेलाचा दिवा चावीसरशी पेटतो आणि इंजिन चालू झालं की विझतो. मग पिवळाही त्याच्या मागोमाग पेटतो, विझतो. गिऱ्हाईक चावी फिरवतं ते थेट इंजिन चालू होईपर्यंत. त्याला दोन्ही दिवे विझलेले दिसतात, ते खूश होतं. ज्याने चावी अर्धी फिरवून थांबवली आणि तीनपर्यंत मोजलं, फक्त त्यालाच कळेल. कारण इंजिन चालू होईपर्यंत तो दिवा जाणारच नाही. पण असं थांबून मोजतं कोण? मला तरी सबंध मुंबईत एकच माणूस माहीत होता.

आणि त्या गाडीत त्या माणसाने मोजलं नाही. काम संपवून ते उतरले आणि हात न पुसता शिडीने वर गेले. मी फॉर्मवर 'ब्रेक : ठीक' असं लिहून सही केली. अशा आणखी दोन गाड्या झाल्या. तिसरीच्या वेळी मी धीर करून विचारलं, "काका, मोजलं नाहीत?"

"अशी गाडी मी मोजत नाही," ते म्हणाले. "एवढं तरी ठेवलंय."

नवरात्राच्या सुरुवातीला शीवच्या एक बाई गाडी बघायला आल्या. शाळेत गणित शिकवायच्या. सोबत वडील, हातात काठी. त्यांना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागायचं, टॅक्सीवाले जवळच्या अंतराला नाही म्हणायचे, म्हणून बाईंनी चाळिशीत गाडी शिकून घेतली होती. परवाना पर्समध्ये होता, तो त्यांनी कुणी न मागता दाखवला. त्यांना एक पांढरी गाडी आवडली. मालक केबिनमध्ये कागद काढत होते. तेवढ्यात बाईंनी काकांना विचारलं, "काका, तुम्ही घेतली असतीत का हो ही?"

काकांनी केबिनच्या काचेकडे पाहिलं. "बॅटरी नवीन आहे," ते म्हणाले.

"म्हणजे चांगली आहे ना?"

"बॅटरी फार चांगली आहे."

वडील काठीवर हनुवटी ठेवून हसले. "अगं, जावई बघायला गेल्यावर दात चांगले आहेत म्हणतात, तसं सांगतायत ते."

सगळे हसले, काकाही. गाडी ठरली. ताबा दसऱ्याला घ्यायचा, मुहूर्तावर.

त्या गाडीचा पिवळा दिवा जात नव्हता. काकांनी दोन दिवस घेतले. चारही चाकं एकेक करून हाताने फिरवली, चारही सेन्सर बोलत होते. वायरी धड. डब्याला येणारी वीज पूर्ण, अर्थिंग पक्की. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी धरून टोक डब्यावर टेकवलं, डॉक्टर छातीला लावतात तसं, आणि मला मशीनवरून डब्यातला पंप फिरवायला सांगितलं. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"आत काही नाही," ते म्हणाले. "मेलाय. पाणी गेलंय आत. डबा बदलायला पाहिजे."

चांगला जुना डबा शोधून बसवायला आठवडा लागला असता. दसरा परवावर आला होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन, पुसून पाटावर मांडत. काकांनी मीटर, पक्कड, सोल्डरिंग आयर्न आणि त्यांचा वीज तपासायचा जुना टेस्ट लॅम्प ओळीने ठेवला. कॉलरची टाचणीसुद्धा काढून ठेवली. वरून काकींनी दोरीला बांधून झेंडूची फुलं सोडली. "बीई, तुझं मशीन पण बसव," ते मला म्हणाले, "त्याला पण एक दिवस सुट्टी." पाटावर बसलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. गिरणी चालू होती तेव्हा वडीलही साच्याला, म्हणजे मागाला, हात लावत नसत, असं ते सांगायचे.

मालकांनी नमस्कार केला, सगळ्यांना पेढे दिले. मग पांढऱ्या गाडीकडे पाहिलं.

"वायरमन, तो दिवा राहिला."

"आज हत्यारं बसलीत, मालक."

"बसू देत, बसू देत. उद्या साडेआठला उठवा. बाई दहाला येतायत."

"मालक, सेन्सरचं नाही हे. डबाच गेलाय. बाई नवीन शिकल्यात. आठ दिवसांनी दिली तर..."

"दसरा आठ दिवसांनी येतो का?" मालक हसून म्हणाले, आणि मान वर करून हाक मारली, "वहिनी! पेढा पाठवतो हो वर. पत्रा गळला नाही ना यंदा? पुढच्या पावसाच्या आधी बघू या, काय करायचं ते."

वरून काकींचा आवाज आला, "नाय हो, बरा हा सगळा."

मालक गेले. पेढा द्यायला मी शिडी चढलो, तेव्हा काका वर वाकून बसले होते आणि काकी बोलत होत्या. मला बघूनही थांबल्या नाहीत. त्या मला घरातलाच धरत.

"मिया म्हणतंय, गावाक जाऊया. किती वरसां म्हणतंय."

"जावया खंय गो? भावाकडे पावण्यासारखे किती दिस रवतलंव? आणि हय घराच्या यादीत नावां लागली, आणि आपण नाय, तर?"

"थय नववो मजलो दिसता तुमका रोज," काकी म्हणाल्या. "माका रोज ती शिडी दिसता."

काकांनी खिळ्यावरची पिशवी उगाचच सरळ केली.

दसऱ्याला सकाळी शटर उघडलं तेव्हा ते आतच उभे होते, आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. त्यांनी पाटावरची हत्यारं उचलली, प्रत्येकाला कपाळाशी लावलं आणि पांढऱ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली शिरले. मी टॉर्च धरला. खोटं काम होतं, पण त्यांना ते वाईट करता येत नव्हतं. जोड सोल्डर केला, वरून नळी चढवली, टेप इतकी सरळ गुंडाळली की कंपनीचीच वाटावी. अर्ध्या तासात झालं. मालकांनी स्वतः चावी फिरवली, इंजिन चालू झालं, दोन्ही दिवे गेले.

"वा," मालक म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "माझं काम मी केलं. तुझा फॉर्म तू भर."

मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. ते नाही म्हणाले तर मीही सही करणार नाही, असं मी वाटेत येताना ठरवलं होतं. त्यांनी केलं, म्हणून मीही केली. मोठ्या माणसाच्या आडोशाला उभं राहून धीट व्हायचा माझा बेत होता, तो आडोसाच गेला.

दहाला बाई आल्या. नवी साडी, हार, नारळ. वडिलांनी कोट घातला होता. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, कुंकू लावलं. मालकांनी तबकात चावी दिली. बाई बसल्या, वडील शेजारी बसले. गाडी द्यायच्या वेळी काका कधी बाहेर येत नसत, मागे काहीतरी आवरत असत. त्या दिवशी ते झेंडूचं एक फूल घेऊन बाईंच्या खिडकीशी आले.

"बाई, एक रीत आहे आमची. चावी अर्धीच फिरवायची. इंजिन चालू नाही करायचं. आणि तीन मोजायचे."

मालक हसत म्हणाले, "वायरमन, मुहूर्त जातोय."

"तीनच मोजायचेत, मालक. मुहूर्त मोठा असतो."

"मोजायचं काय?" बाईंनी विचारलं.

"हा पिवळा दिवा. तीनला विझतो."

बाईंनी चावी फिरवली. काकांनी खिडकीच्या काठावर डावी मूठ टेकवली आणि पहिलं बोट उघडलं. बाई वर्गात मोजतात तशा मोठ्याने मोजायला लागल्या, "एक, दोन, तीन." दिवा तसाच.

"मी भरभर मोजलं का? थांबा हं." त्यांनी चावी बंद केली आणि पुन्हा फिरवली. "एक... दोन... तीन..."

"चार," वडील काठी आपटत म्हणाले. "पाच."

बाई अकरापर्यंत गेल्या आणि थांबल्या. काकांची तीन बोटं काठावर उघडीच होती.

"नाही विझला तर काय असतं, काका?"

या वेळी त्यांनी केबिनकडे पाहिलं नाही. "तर गाडी घ्यायची नसते," ते म्हणाले.

बाईंनी चावी काढली, तबकात ठेवली. वडिलांना हात देऊन उतरवलं. मग फॉर्म हातात घेऊन माझ्याजवळ आल्या. "ही सही तुमची ना?"

"हो."

एवढंच. त्या पुढे काही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गेल्या तेव्हा चारही लिंबं चाकांखाली जशीच्या तशी होती.

मालकांनी आवाज चढवला नाही. संध्याकाळी आपट्याची पानं देताना काकांना म्हणाले, "आज सणाचं काय बोलायचं? कोजागिरीपर्यंत बघा कुठे सोय होते का. वहिनींच्या गुडघ्यांना ती शिडी बरी नव्हेच."

पाच दिवसांत मुंबईत सोय होत नसते. सहाव्या दिवशी काकींना खाली आणलं. काका वरून धरत होते, मी खालून एकेका पायरीवर त्यांचं पाऊल टेकवत होतो. "हळू रे बाबा, सांडतंय मी," त्या म्हणत होत्या. वरून काका म्हणाले, "बीई, इंजिन उतरवायची चेनपुली आण रे." काकी शिडीच्या मध्यावर हसायला लागल्या आणि आम्हाला थांबावं लागलं. मीटर मालकांचा होता, तो काकांनी जागेवर परत ठेवला. टेस्ट लॅम्प पिशवीत घातला. करारनाम्याची प्लॅस्टिकची पिशवी शर्टाच्या आत. टॅक्सीत बसताना काकींनी मागे वळून पाहिलं. काकांनी पाहिलं ते लालबागच्या दिशेने.

पोटमाळ्यावर मालकांनी जुने बंपर ठेवले. कपाटातली प्रमाणपत्रं मागून घेऊन बाहेर पडायला मला त्यानंतर तीन महिने लागले. तेवढ्या दिवसांत मोजल्याशिवाय मी एकाही फॉर्मवर सही केली नाही, हे खरं आहे. पण ते उशिराचं आहे.

मी तिथे होतो तेव्हाच, थंडीत एका सकाळी, फाटकाबाहेर एक राखाडी गाडी येऊन थांबली. आत आली नाही. शीवच्या बाई होत्या, शेजारी वडील. त्यांनी इंजिन बंद केलं, मला खुणेने जवळ बोलावलं आणि विचारलं, "काका कुठे आहेत?"

"गावी गेले."

बाईंनी डावी मूठ स्टिअरिंगवर टेकवली, चावी अर्धीच फिरवली आणि बोटं उघडली. वडील पुटपुटत मोजत होते. तिसऱ्या बोटाला पिवळा दिवा गेला.

"त्यांना सांगाल?" बाई म्हणाल्या.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी फोन लावला. काका कणकवलीच्या पुढे भावाच्या घरी एका खोलीत राहत होते. गावात काम म्हणजे रिक्षांचे हॉर्न आणि पंपांच्या मोटारी. मागच्या वेळी मी कसे आहात विचारलं होतं, तेव्हा "ताठ उभा राहतो, एवढं आहे," म्हणाले होते. रेंज नीट नव्हती. मी ओरडूनच सांगितलं, "काका, त्या बाई आल्या होत्या! दुसरी गाडी घेतली त्यांनी! मोजून दाखवलं मला. तिसऱ्याला विझला!"

मागे काकी कोणाचा फोन म्हणून विचारत होत्या.

"इंजिन चालू नव्हतं ना?" त्यांनी विचारलं.

"नव्हतं, काका. मी बघितलं. बंद होतं."

"मग ठीक," ते म्हणाले.